क्रुसाजवळ देवदूत नव्हते

चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट खटकते. येशूच्या आयुष्यात देवदूतांची ये-जा तशी बरीच आहे. गब्रिएल नाझरेथला मारियेकडे निरोप घेऊन येतो. योसेफाला तर स्वप्नात येऊन देवदूत सूचनाच देत राहतो: हिला घरी आण, बाळाला घेऊन मिसरला पळ, आता परत ये. बेथलेहेमच्या शिवारात मेंढपाळांपुढे सगळं आकाश गायला लागतं. रानातला चाळीस दिवसांचा उपास आणि सैतानाची परीक्षा संपल्यावर देवदूत येऊन येशूची सेवा करतात. गेथशेमाने बागेत एक येतो. रविवारी पहाटे कबरेवरची धोंड लोटून एक जण चक्क तिच्यावर बसलेला असतो. आणि शुक्रवारी दुपारी, येशूला क्रुसावर दिलं त्या कालवारीच्या टेकडीवर? कोणी नाही. अंधार पडतो, मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो, मत्तय म्हणतो की जमीन हादरली आणि खडक फुटले. आकाशातून मात्र कोणी उतरत नाही.

बोलावलं असतं तर आले असते, हेही लिहून ठेवलेलं आहे. आदल्या रात्री पकडायला माणसं आली तेव्हा एका शिष्यानं तलवार उपसली. येशू त्याला म्हणाला, तलवार म्यान कर. मी मागितलं तर माझा पिता आत्ताच्या आत्ता देवदूतांच्या बारा पलटणींहून जास्त पाठवणार नाही असं वाटतं का तुला? रोमन पलटण म्हणजे पाच-सहा हजार शिपाई. म्हणजे साठ-सत्तर हजार देवदूत हाकेच्या अंतरावर उभे होते. त्यानं हाक मारली नाही.

चित्रकारांना ही रिकामी जागा सोसली नाही. इटलीत पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोनं १३०५च्या सुमारास भिंती रंगवल्या. तिथे क्रुसाभोवती छोटे छोटे देवदूत घिरट्या घालतायत, काही जण वाटीत रक्त धरतायत. शेजारच्या शोकाच्या चित्रात तर ते हवेत अक्षरशः पिळवटून गेलेत. कोणी तोंड झाकलंय, कोणी हात मागे फेकलेत, आणि कमरेखाली त्यांचं अंग ढगासारखं विरून गेलंय. माणसांपेक्षा तेच जास्त मोकळेपणानं रडतायत. चित्र म्हणून मला ते फार आवडतं. पण शुभवर्तमानात ते नाही, ही गोष्ट जोत्तोलाही ठाऊक असणारच.

मला हे लहानपणीच कळलं होतं, ते एका नाटकामुळे. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात नाताळच्या नाटकात मी देवदूत व्हायचे. पांढरा झगा, पुठ्ठ्याचे पंख, त्यांना कडेनं चिकटवलेली चंदेरी झालर. पंखांचे बंद काखेत काचायचे आणि ‘भिऊ नका’ हे एकच वाक्य म्हणेपर्यंत मेंढपाळ झालेली पोरं मला हसवायचा प्रयत्न करायची. ईस्टरआधीचा उपासकाळ आला, येशूच्या दुःखसहनाच्या नाटकाची तालीम सुरू झाली, आणि मी झालर नीट करून पंख घेऊन हजर. बसवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, “बाय, ह्यात देवदूत नाय.” गेथशेमानेचा प्रसंग त्यांनी वगळला होता. मग मला डोक्यावरून ओढणी देऊन यरुशलेमच्या रडणाऱ्या बायकांत उभं केलं. तेव्हा मी रुसले होते. आता वाटतं, माझी बढतीच झाली होती. कारण क्रुसाजवळ कोण होतं तेही शुभवर्तमानांत नावानिशी आहे: मग्दालाची मारिया, धाकट्या याकोबाची आई मारिया, सलोमे, आणि योहानाच्या सांगण्याप्रमाणे खुद्द येशूची आई. देवदूत नव्हते. बायका होत्या.

ख्रिस्त आणि देवदूत यांचं नातं काय, असं धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलं तर उत्तर चटकन येतं. तो पुत्र, ते सेवक. तो निर्माणकर्ता, ते निर्मिलेले. त्याची आराधना करायची, त्यांची नाही. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यात क्रुसाजवळच्या रिकाम्या जागेचा पत्ता लागत नाही.

हे उत्तर पहिल्यांदा नीट बांधून मांडलं ते इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात. ते कोणी लिहिलं हे देवच जाणे, असं तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या धर्मपंडितानं म्हणून ठेवलंय आणि त्यात आजवर कोणी भर घातलेली नाही. लिहिणारा जो कोणी होता तो पक्का वकील होता. पहिल्याच अध्यायात तो जुन्या करारातली वचनं एकामागून एक पुरावे म्हणून पुढे करतो. ‘तू माझा पुत्र आहेस’ असं देव कधी कोणा देवदूताला म्हणाला? ‘माझ्या उजवीकडे बैस’ असं कोणा देवदूताला सांगितलं? देवदूत म्हणजे वारा, अग्नीची ज्वाला. येतात, काम करतात, जातात. सिंहासन पुत्राचं. आणि अध्याय संपता संपता शेवटचा घाव: ते सगळे सेवा करणारे आत्मे, ज्यांना तारण मिळायचं आहे त्यांच्यासाठी पाठवलेले. म्हणजे आपल्यासाठी.

एवढा जोर का लावावा लागला? कारण त्या काळच्या यहुदी माणसाच्या मनात देवदूतांचा मान फार मोठा होता. मोशेला नियमशास्त्र मिळालं ते देवदूतांकरवी, अशी समजूत होती. नव्या करारात ती स्तेफनाच्या भाषणातही येते आणि पौलाच्या पत्रातही. तेव्हा नवा संदेश जुन्यापेक्षा मोठा म्हणायचा तर आणणाराही देवदूतांपेक्षा मोठा हवा. शिवाय सामान्य माणसाला देवदूत जवळचा वाटतो. देव फार उंच, फार दूर. मधला कोणीतरी ओळखीचा असला की काम होतं. आपल्याकडे सरकारी कचेरीत जाणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

फ्रिगियातल्या कलस्सैच्या मंडळीत हेच चाललं होतं. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ तो भाग येतो. पौलाच्या नावानं असलेल्या पत्रात कलस्सैकरांना स्पष्ट ताकीद आहे की देवदूतांच्या पूजेच्या नादी लावून कोणी तुम्हाला बक्षिसाला मुकवू नये. राजासनं, अधिपत्यं, सत्ता, अधिकार, जी काही अदृश्य मंडळी आहेत ती सगळी ख्रिस्ताच्याच द्वारे आणि ख्रिस्तासाठी निर्माण झालीत, असं तेच पत्र सांगतं. ताकीद किती लागू पडली? चौथ्या शतकात जवळच्याच लावदिकियात धर्मसभा भरली, तिच्या पस्तिसाव्या नियमात पुन्हा तेच: देवाची मंडळी सोडून देवदूतांचा धावा करायला जाऊ नये. पाचव्या शतकात थेओदोरेत नावाचा बिशप लिहितो की हा रोग त्या भागात फार काळ टिकला आणि मुख्य देवदूत मिखाएलची प्रार्थनास्थळं तिथे अजून दिसतात. पुढे तर कलस्सैशेजारच्या खोनाय गावचं मिखाएलचं देऊळ यात्रेचं ठिकाण झालं. पौलानं नको म्हटलं त्याच गावाच्या वेशीवर. धर्मशास्त्र एका बाजूनं वाहतं आणि यात्रेकरू दुसऱ्या.

माझी एक मैत्रीण नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. तिला मी एकदा माझी रात्रीची प्रार्थना सांगितली, आजीनं शिकवलेली, राखणदार देवदूताची. ती म्हणाली, “अगं, पण थेट बोलायची सोय असताना मध्ये कोण कशाला?” तिच्या मागे कलस्सैकरांचं अख्खं पत्र उभं होतं. माझ्या मागे आजी. मी वाद घातला नाही, प्रार्थनाही सोडली नाही. कॅथलिक शिकवण देवदूताला पूजायला सांगत नाही, आदर द्यायला आणि मदत मागायला सांगते, हे मला तिला पटवता आलं असतं. पण तिचा मुद्दा खोटा नव्हता.

दुसरी वाट याहून बिकट होती. देवदूतांना ख्रिस्ताएवढं करण्याऐवजी ख्रिस्तालाच देवदूतांत नेऊन बसवायचं. याला आधार म्हणाल तर भरपूर सापडतो. यशयाच्या ग्रंथाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात जन्माला येणाऱ्या बाळाला ‘महान मसलतीचा दूत’ म्हटलंय. अब्राहामाला मम्रेच्या झाडाखाली भेटलेल्या तिघांतला एक, मोशेला जळत्या झुडपातून बोलावणारा परमेश्वराचा दूत, हे दोन्ही मनुष्य होण्याआधीचा ख्रिस्तच, असं दुसऱ्या शतकातला हुतात्मा जस्टिन मानत असे. जस्टिनच्या मनात काळंबेरं नव्हतं. दूत हे त्याच्या कामाचं वर्णन होतं, जातीचं नव्हे. पण अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस पुढे गेला. पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा, सगळ्यांत थोर, पण शेवटी निर्मिलेलाच. ‘तो नव्हता असा एक काळ होता.’ म्हणजे काय, तर फार फार मोठा देवदूतच म्हणा ना. ३२५ साली निकेआत धर्मसभा भरली आणि तिनं ठरवलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, जन्मलेला आहे, घडवलेला नाही. हीच वाक्यं आम्ही दर रविवारी मिस्सेत घडाघडा म्हणतो, त्यामागे केवढं रण झालं याचा पत्ता न लागू देता. येशू म्हणजेच मिखाएल असं मानणारे यहोवाचे साक्षीदार अजूनही दारावर येतात. त्यांना पाणी विचारावं. वाद घालायचा तर मात्र वेळ काढून बसावं.

निकेआची बाजू लढवणाऱ्या अथनासियसचा युक्तिवाद मला सगळ्यात पटतो, कारण तो मोठेपणाचा नाहीच. तो म्हणतो, निर्मिलेला कितीही मोठा असला तरी निर्मिलेल्यांना देवाशी जोडू शकत नाही. त्याला स्वतःलाच जोडून घ्यायची गरज असते. मोठ्यातला मोठा देवदूत खाली आला असता तरी दरी तेवढीच राहिली असती.

आता इब्रीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडायचा. आमच्याकडे नाताळला वाचला जातो तो पहिला अध्याय, तुताऱ्यांसारखा. खरी मेख दुसऱ्यात आहे. पहिल्या अध्यायात ज्याला देवदूतांच्या डोक्यावर नेऊन बसवला, त्याच्याविषयी हाच लेखक आता म्हणतो की थोड्या काळासाठी त्याला देवदूतांपेक्षा कमी केलं गेलं. कशासाठी? मरता यावं म्हणून. मुलं रक्तामांसाची होती, म्हणून तोही रक्तामांसाचा झाला. आणि मग ते वाक्य, ज्यापुढे मी दरवेळी थांबते: तो मदतीला जातो तो देवदूतांच्या नव्हे, अब्राहामाच्या वंशजांच्या.

म्हणजे देवदूतांना डावललं? देवाविरुद्ध बंड करून स्वर्गातून पडलेल्या देवदूतांचं काय? लुसिफर आणि त्याच्या मागून गेलेले. त्यांच्यासाठी कोणी क्रुसावर चढलं नाही. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. आदामानं फळ खाल्लं तर त्याच्यासाठी एवढा खटाटोप, आणि ह्यांना एकदाच चुकल्याबरोबर कायमची हकालपट्टी! ओरिगेनलाही हे टोचलं असावं. माणसांत तो माणूस झाला तसा देवदूतांत देवदूत झाला, असं तो लिहून गेला, आणि शेवटी सगळ्यांचंच, अगदी दुष्टात्म्यांचंही, पुनरागमन होईल अशी आशा त्याच्या लिखाणात दिसते. ५५३च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं त्या शिकवणीवर फुली मारली.

यावर सगळ्यात नीट उत्तर दिलं कँटरबरीच्या आन्सेल्मनं, १०९८ साली पुरा केलेल्या आपल्या ग्रंथाच्या जवळजवळ शेवटी, तेही जाता जाता. माणसं सगळी एका आदामाची लेकरं आहेत, म्हणून त्या घराण्यात जन्मलेला एक जण सगळ्यांचं देणं फेडू शकला. देवदूत एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. कोणी कोणाच्या पोटी आलेला नाही. दीडशे वर्षांनी थॉमस अक्विनास या धर्मपंडितानं तर हे टोकाला नेलं: देवदूताला शरीर नाही, म्हणून एका जातीचे दोन देवदूत असूच शकत नाहीत, प्रत्येक जण आपली जात आपणच. गब्रिएल आणि मिखाएल यांच्यात वाघ आणि गाय यांच्यापेक्षा जास्त अंतर आहे. सख्खा नाही, चुलत नाही, आत्या नाही, मामा नाही. एवढा शुद्ध, एवढा तेजस्वी, आणि अगदी एकटा. अशाला सोडवायचं तर प्रत्येकासाठी वेगळा तारणारा पाहिजे.

आमच्यासारख्या, लग्नाच्या यादीत तीन पिढ्यांचे नातेवाईक गोळा करणाऱ्या लोकांना हे पटकन कळतं. तारण नात्यातून आलं. ‘त्यांना भाऊ म्हणायची त्याला लाज वाटत नाही,’ असं इब्रीकरांचं पत्र म्हणतं. देवदूतांना तो कधी भाऊ म्हणाला नाही. ते त्याचे आहेत, त्याच्या शब्दावर चालतात, थॉमसच्या शिकवणीप्रमाणे तो त्यांचाही मस्तक आहे. पण रक्ताचं नातं आमच्याशी आहे.

हे लक्षात घेऊन मी गेथशेमानेकडे वळते, कारण तिथे हे सगळं उलटंपालटं होतं. लूकच सांगतो, इतर तिघे नाही: स्वर्गातून एक देवदूत त्याला दिसला आणि त्यानं त्याला बळ दिलं. ज्याच्या द्वारे देवदूत निर्माण झाले त्याला एका देवदूताचा आधार! पुष्कळांना हे पचलं नाही. लूकच्या बावीसाव्या अध्यायातल्या त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस या दोन ओळी काही फार जुन्या हस्तलिखितांत नाहीतच. व्हॅटिकनच्या प्रसिद्ध हस्तलिखितात नाहीत. सीनायच्या हस्तलिखितात आधी आहेत, मग कोणी त्या रद्द केल्याच्या खुणा केल्या, मग कोणी त्या खुणाही रद्द केल्या. चौथ्या शतकातल्या चामड्याच्या पानावर हा वाद अजून तसाच दिसतो. येशूचा हा दुबळेपणा बघवला नाही म्हणून कोणी ओळी गाळल्या, की येशूला खरं शरीरच नव्हतं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून कोणी घातल्या, यावर अभ्यासक भांडतात. जस्टिनला दुसऱ्या शतकातच तो रक्ताच्या थेंबांसारखा घाम माहीत होता. मी गाळल्याच्या बाजूची. लाजिरवाणी वाटणारी गोष्ट पुसायचा मोह जास्त, घालायचा कमी, एवढंच माझं शास्त्र.

पण ओळींचा क्रम बघा. देवदूत येतो, बळ देतो. मग काय होतं? येशू सावरतो? हुश्श करतो? नाही. पुढची ओळ म्हणते की तो अत्यंत विव्हळ होऊन अधिकच आग्रहानं प्रार्थना करू लागला आणि त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडू लागला. यातना मदत मिळाल्यानंतर वाढल्या आहेत. देवदूतानं दुःख कमी केलं नाही. ते सोसायची ताकद दिली. ‘हा प्याला दूर कर’ असं येशूनं विनवलं होतं, तो प्याला बाजूला नेला नाही. आणि तो बोललाही नाही. लूकच्या शुभवर्तमानातले बाकी सगळे देवदूत बोलतात: जखऱ्याशी, मारियेशी, मेंढपाळांशी, कबरेपाशी बायकांशी. ‘भिऊ नका’ हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे ‘भिऊ नको’ म्हणायची सोय नव्हती. भ्यायची वेळ खरीच होती, आणि ज्याला मरण येतच नाही तो मरणाऱ्याला धीर देताना काय बोलणार? तिथपर्यंत तो आला. उद्या दुपारपर्यंत त्याला येता येणार नव्हतं.

म्हणून शुक्रवारची जागा रिकामी आहे, असं मला वाटतं. त्यांना बंदी होती म्हणून नव्हे. ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रात एक अर्धं वाक्य आहे. तारणाच्या या गोष्टींत डोकावून पाहायची देवदूतांना उत्कंठा आहे, असं ते म्हणतं. मूळ शब्दात वाकून, मान पुढे काढून बघणं आहे; तोच शब्द योहान कबरेत डोकावणाऱ्या मग्दालाच्या मारियेसाठी वापरतो. अनंतकाळ देवाचं मुख पाहणारी मंडळी खिडकीशी गर्दी करून आपल्याकडे बघतायत. स्वर्गातल्या देवांनाही मृत्युलोकी जन्म घ्यावासा वाटतो, ही कल्पना वारकऱ्यांच्या मुलखात नवी नाही, त्यामुळे मराठी कानाला हे परकं वाटू नये.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी या उत्कंठेच्या भन्नाट गोष्टी रचल्या. ‘यशयाचं स्वर्गारोहण’ नावाचा एक जुना ग्रंथ आहे, सगळाच्या सगळा फक्त इथिओपियाच्या गीझ भाषेत शिल्लक राहिलेला. त्यात ख्रिस्त सात स्वर्गांतून खाली उतरतो तो वेष पालटत. पाचव्या स्वर्गात तिथल्या देवदूतांसारखा, चौथ्यात तिथल्यांसारखा, म्हणजे त्याला कोणी ओळखू नये. खालच्या स्वर्गांच्या दारांवर तो परवलीचा शब्द देतो आणि पुढे सरकतो. सगळ्यात खाली, हवेतल्या दूतांपाशी, परवलीचा शब्दही लागत नाही, कारण ते आपसात लुटालूट आणि मारामाऱ्या करण्यात इतके गुंतलेत की कोण आलं कोण गेलं बघायला कोणाला सवड नाही. हा ग्रंथ पवित्र शास्त्रात नाही आणि नसावाच; पण तो लिहिणाऱ्याला माणसांची चांगली पारख होती.

खाली येताना ओळखू दिलं नाही. वर जाताना ओळखताच आलं नाही. चोविसाव्या स्तोत्रात वेशींना हाक आहे: वर व्हा, प्रतापशाली राजाला आत येऊ द्या. आतून प्रश्न येतो, हा प्रतापशाली राजा कोण? जस्टिननं आणि पुढे निस्साच्या ग्रेगरीनं हा संवाद येशूच्या स्वर्गारोहणाच्या वेळचा म्हणून वाचला. राखण करणारे देवदूत विचारतात, कारण समोर उभा आहे तो माणूस. रूप नाही, तेज नाही, अंगावरचं वस्त्र द्राक्षकुंड तुडवणाऱ्यासारखं लाल झालेलं. सोसायटीच्या मालकालाच रंगाऱ्याच्या कपड्यांत बघून वॉचमननं गेटवर अडवावं, तसा तो प्रकार. गंमत वाटते, पण त्याच्या पोटात एक धाडसी विधान आहे: स्वर्गानं तोपर्यंत माणूस आत येताना पाहिलेला नव्हता, आणि आला तो थेट सिंहासनाकडे गेला. जखमांसकट.

यानंतर देवदूतांची वागणूक बदलते, असं सहाव्या शतकातल्या थोर ग्रेगरी पोपनं दाखवून दिलं, आणि माझ्या मते यापेक्षा चलाख वाचन कोणी केलेलं नाही. जुन्या करारात लोट देवदूतांपुढे जमिनीपर्यंत वाकतो, यहोशवा पालथा पडतो, आणि देवदूत ते मुकाट घेतात. नव्या करारात, प्रकटीकरणाच्या शेवटी, योहान देवदूताच्या पाया पडायला जातो तर तो घाईघाईनं म्हणतो, असं करू नकोस, मी तुझ्या जोडीचा दास आहे. मधे काय घडलं? देवानं माणसाचं रूप घेतलं. आता आपल्यावर विराजमान झालेल्या त्या देहाची जात पायाशी आलेली पाहून देवदूताला संकोच वाटतो. मला तो देवदूत डोळ्यांसमोर दिसतो, गडबडलेला, योहानाला खांद्याला धरून उठवणारा.

सगळेच असे समजूतदार नसतील, हाही विचार धर्मपंडितांनी केला. स्पेनचा येशूसंघीय सुआरेझ, आपल्याकडे अकबर-जहांगीर राज्य करत होते त्या काळचा, म्हणतो की लुसिफर पडला तो इथेच. पुत्र माणूस होणार हे देवानं देवदूतांना आधीच दाखवलं, आणि त्या माणसाला मस्तक मानायला लुसिफर तयार झाला नाही. हा मान मिळायचाच तर मला मिळावा, मातीच्या गोळ्याला का? कुराणातला इब्लीसही आदामापुढे वाकायला नकार देतो तो मातीच्याच कारणानं. चर्चनं सुआरेझचं मत सिद्धान्त म्हणून कधी स्वीकारलं नाही. पण पटतं खरं. एखादा आपल्यापेक्षा मोठा आहे हे माणूस गिळतो. आपल्यापेक्षा लहान समजलेला वर गेला की झोप उडते. देवदूतालाही उडाली असेल.

माहीमचं सेंट मायकल चर्च मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. दर बुधवारी तिथे रीघ लागते, सगळ्या धर्मांच्या लोकांची, हातात मेणबत्त्या, मेणाची घरं, मेणाची बाळं. माझी आई वसईहून लोकलनं जायची, कधी मला घेऊन. चर्च मुख्य देवदूत मिखाएलच्या नावाचं. रीघ मात्र मारियेच्या, नित्यसहाय्य मातेच्या नोव्हेनाची, म्हणजे तिच्याकडे करायच्या ठरलेल्या प्रार्थनेची. मिखाएलसाठी आलोय असं म्हणणारा माणूस मला तिथे भेटलेला नाही. आणि यात त्याचा अपमान आहे असं मला वाटत नाही. मारियेच्या स्तुतिमालेत तिला ‘देवदूतांची राणी’ म्हटलंय. नाझरेथची एक मुलगी, जिच्या घरी गब्रिएल निरोप घेऊन आला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. आमच्या ‘नमो मरिये’ची सुरुवात त्याच्याच नमस्कारानं होते. देवदूतानं माणसाला केलेला नमस्कार आम्ही माळेच्या मण्यामण्याला म्हणतो.

यावर शेवटचं टोक पौलानं गाठलंय, आणि तेही भलत्याच ठिकाणी. करिंथच्या मंडळीत भाऊ भावाविरुद्ध कोर्टात गेला होता. कशावरून, ते पौल सांगत नाही. क्षुल्लक कारण असावं असा त्याचा सूर आहे. तो भडकलाय. तुमच्यात दोघांमधला वाद तोडणारा एकही शहाणा नाही का, असं विचारतो, आणि त्या रागाच्या भरात बोलून जातो: आपण देवदूतांचा न्याय करणार आहोत हे तुम्हाला ठाऊक नाही काय? मग संसारातल्या गोष्टींचं काय घेऊन बसलात! बस, एवढंच. पडलेल्या देवदूतांचा की सगळ्यांचा, कधी, कसा, काही खुलासा नाही. पुढच्या ओळीत तो परत कज्जेदलालीवर येतो. टीकाकार अजून त्या एका ओळीवर पानं भरतायत.

हे वाचन आमच्याकडे दोन वर्षांतून एकदा, एका साध्या मंगळवारच्या मिस्सेला येतं. मंगळवारी सकाळी येणारे म्हणजे बहुतेक साठीच्या पुढचे. बांधावरून, विहिरीच्या वाट्यावरून, बापजाद्यांच्या वाडीवरून सख्ख्या भावाशी तारखा लढवणारे त्यांत दोन-चार तरी असतातच, आणि भाऊही दोन बाकं सोडून बसलेला असतो. वाचक त्या ओळीपाशी आला की चर्चमध्ये खोकल्याची साथ येते.